पाकिटातलं पत्रक: एका डार्करूममधल्या राखाडी कडांचं प्रकरण

प्रसंग

फोटोपेपरच्या पाकिटात सूचनांचं छापील पत्रक घालावं, की ते संकेतस्थळावर असलं तरी पुरे, या प्रश्नाची ही हकीकत, पुण्यातल्या एका सामायिक डार्करूममधली. जुन्या घराची मागची खोली, खिडकीला काळं रेक्झिन, एक एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी पाडणारं यंत्र) आणि त्याला फिल्टर आतच असलेलं रंगीत हेड, ओट्यावर चार ट्रे आणि वर लाल दिवा. रसायनं वर्गणीतून येतात, कागद ज्याचा त्याने आणायचा. कागद परदेशातून येतो, महाग पडतो, म्हणून ८×१० इंची पंचवीस शीटचं पाकीट दोघा-तिघांत वाटून घ्यायची पद्धत पडली आहे. वाटून घेताना काळ्या पिशवीतली शीटं वाटली जातात; पाकीट आणि त्यात जे काही छापील असेल ते एकाकडेच राहतं. पुढे जे झालं त्याची अर्धी मुळं या सवयीत होती.

एका नव्या सभासद मुलीने स्वतःसाठी पहिलं पाकीट मागवलं. आरसी कागद, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असलेला, आणि फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, बदलता येणारा. कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचं नाही, असं पाकीट हल्ली कुणाचंही असू शकतं. आत पातळ पुठ्ठा आणि काळी पिशवी, बस्स. झाकणावर नाव, माप, पृष्ठभाग, बॅच नंबर, ‘फक्त सेफलाइटमध्ये (म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या दिव्यात) उघडा’ अशा अर्थाची एक ओळ आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. पत्रक नव्हतं.

तिने शिकलेल्या माणसासारखं केलं. कोड स्कॅन केला, माहितीपत्रकाची पीडीएफ उतरवून घेतली, मोबाइलचा उजेड अगदी कमी केला आणि तो ओट्यावर, डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेशेजारी उभा करून ठेवला. वेळाही त्यावरच, फिल्टरचा तक्ताही त्यावरच. पहिला प्रिंट बरा वाटला. बाहेर ट्यूबलाइटखाली आणला तेव्हा चारी बाजूंच्या कडा, ज्या ईझलच्या (कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) पट्ट्यांखाली झाकलेल्या होत्या आणि पांढऱ्याशुभ्र असायला हव्या होत्या, त्या राखाडी निघाल्या. चित्रातलं आभाळही मळकट. दुसऱ्या प्रिंटचं तेच.

“काका, कागद जुना लागलाय का हो?” तिने विचारलं.

काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने. वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते, सगळी हयात ब्रोमाइडवर प्रिंट काढण्यात गेली. त्यांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला: “कागद धुरकटलाय. परत पाठव.”

तपास

परत पाठवण्याआधी शहानिशा झाली, हे बरं झालं. राखाडी कडांची कारणं चार: कागद जुना किंवा उष्णतेत राहिलेला, सेफलाइट असुरक्षित, एन्लार्जरमधून उजेड गळणं, किंवा खोलीतला दुसरा कुठला तरी उजेड. ती एकेक करून वेगळी काढता येतात आणि त्यासाठी पाच-सहा तुकडे पुरतात. नवख्यांना ही रीत कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

एक तुकडा उजेडात न आणता थेट फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या रसायनात, टाकायचा. डेव्हलपरच न लागल्याने तो कागदाचा खरा, मूळ पांढरा रंग देतो. पुढची तुलना त्याच्याशी. दुसरा तुकडा पूर्ण अंधारात, लाल दिवाही बंद ठेवून, पिशवीतून काढून पूर्ण वेळ डेव्हलप करायचा आणि मग फिक्स. आमचे हे दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर ओळखू येईनात. म्हणजे कागद निर्दोष होता, काकांचा निकाल रद्द.

मग एन्लार्जर. लेन्सवर झाकण लावून दिवा चालू ठेवला, ईझलवर तुकडा ठेवला, अंधारात डेव्हलप केला. तोही स्वच्छ आला.

सेफलाइटची परीक्षा बहुतेक लोक चुकीची करतात. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून लाल दिव्याखाली पाच मिनिटं थांबतात, नाण्याचा ठसा उमटला नाही की दिवा पास. पण एन्लार्जरखाली आधीच थोडा उजेड मिळालेला कागद उंबरठा ओलांडून बसलेला असतो, त्याला सेफलाइटचा अगदी थोडा उजेडही पुरतो. कोऱ्या कागदावर काहीच न दाखवणारा दिवा प्रिंटमधल्या ढगांना मात्र मळवतो. म्हणून आधी एन्लार्जरखाली फिकट राखाडी येईल इतका उजेड कागदाला द्यायचा आणि मग नाणी ठेवायची. आमचा दिवा म्हणजे घरगुती रंगवलेला झीरोचा लाल बल्ब. नावाला झीरो, वीज बरीच खातो, आणि रंगाला ओरखडा गेला की तिथून पांढरा उजेड सांडतो. तरी तो ट्रेपासून पुरेसा उंच होता आणि पाच मिनिटांत नाण्याचा ठसा दिसला नाही.

उरला मोबाइल. तसाच राखाडी तुकडा, तशीच नाणी, शेजारी मंद केलेला मोबाइल, आणि डेव्हलपिंगला लागतो तेवढा वेळ. नाण्यांच्या गोल फिकट खुणा स्पष्ट उमटल्या.

कारण साधं आहे. कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या कागदाच्या थरात निळ्या आणि हिरव्या उजेडाला वेगवेगळा प्रतिसाद देणारी इमल्शनं (उजेडाला संवेदनशील लेप) मिसळलेली असतात. त्यातूनच फिल्टरने ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्टची पायरी, बदलता येते. लाल किंवा फिकट तपकिरी सेफलाइट त्या दोन्ही रंगांना टाळून असतो. मोबाइलचा पांढरा पडदा नेमके तेच दोन रंग फेकतो. लाल रंगाचं अॅप लावून भागेल असं आमच्यातल्या एकाला वाटलं, पण एलसीडी पडद्यामागचा दिवा पांढराच असतो आणि तो थोडा तरी झिरपतो. शिवाय मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो आणि पडदा उजळतो.

म्हणजे तिने पीडीएफमधल्या सूचना अगदी शब्दशः पाळल्या आणि त्या वाचण्याच्या साधनानेच प्रिंट बिघडवला.

काकांची दुसरी बाजू

तपास चालू असताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते या प्रकरणातली तीच जास्त महत्त्वाची आहे. काका स्वतःचे आरसी प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात धूत होते आणि फिक्सरमध्ये दहा-दहा मिनिटं ठेवत होते. ब्रोमाइडला, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या फायबर कागदाला, त्यांच्या काळी असंच करायचे आणि ते बरोबरही होतं. फायबर कागद रसायन आत शोषून घेतो. धुणं लवकर उरकणारं मदतनीस रसायन न वापरता त्याला साठ मिनिटं धुणं ही आजही रूढ शिफारस आहे. आरसीच्या प्लास्टिकमधून पाणी आत जात नाही, त्यामुळे ताज्या रॅपिड फिक्सरच्या १+४ द्रावणात (एक भाग रसायन, चार भाग पाणी) तीस सेकंद आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटं एवढ्यावर काम भागतं. उलट तासभर भिजवलं की कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं, प्रिंट वळतो, कडा फुगतात. काकांचे प्रिंट वाळल्यावर वळायचे आणि ते दोष कागदाला द्यायचे. “हल्लीचा माल असाच,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

डेव्हलपिंगचंही तेच. १+९ डेव्हलपरमध्ये २० अंशांना आरसीला साधारण एक मिनिट, फायबरला दोन.

पत्रक नवख्यांसाठी असतं, जुन्यांना त्याची गरज नसते, असं सगळे धरून चालतात. इथे उलटं घडलं. नवखीने निदान शोधून वाचलं. तीस वर्षं हात बसलेल्या माणसाने कधीच वाचलं नाही. कागदाच्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. लिओ बेकलंड, ज्याने पुढे बेकेलाइट हे प्लास्टिक काढलं, त्याने १८९० च्या दशकात अमेरिकेत ‘वेलॉक्स’ कागद आणला. सूर्याऐवजी गॅसच्या दिव्याच्या उजेडात छापता येईल असा. सराईत व्यावसायिकांनी त्याकडे आधी पाठ फिरवली, कारण ते आपल्या सवयीनेच काम करत राहिले. छापील सूचना वाचून तसंच करणारे हौशी लोक त्याचे पहिले गिऱ्हाईक झाले. १८९९ मध्ये कोडॅकच्या ईस्टमनने तो धंदा विकत घेतला, म्हणजे वाचणाऱ्यांची संख्या पुरेशी होती म्हणायचं.

भिंतीवरचा तक्ता

तिसरा दोष कुणाच्या लक्षातच आला नसता. आमच्या डार्करूमच्या भिंतीवर रंगीत हेडसाठी फिल्टरचा एक तक्ता चिकटवलेला होता: कुठल्या ग्रेडला किती पिवळा, किती मॅजेन्टा. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा पिवळ्या. सगळे त्यावर विसंबून. तो कुठल्या कंपनीच्या, कुठल्या पिढीच्या कागदाचा, हे त्यावर लिहिलेलंच नव्हतं. एखाद्या पाकिटातून कधी तरी आलेलं पत्रक, शीर्षक कापून चिकटवलेलं.

या तक्त्याशिवाय रंगीत हेडवाल्याचं काम चालत नाही. सुट्या फिल्टरचा संच असेल तर गोष्ट सोपी असते. इल्फोर्ड कंपनीच्या मल्टिग्रेड संचात ०० पासून ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीचे बारा फिल्टर असतात, त्यांवर आकडाच छापलेला असतो, आणि ४ पासून पुढे एक्स्पोजर (उजेड देण्याचा वेळ) दुप्पट करायचं एवढं लक्षात ठेवलं की झालं. रंगीत हेडवर मात्र आकडे हेडच्या बनावटीवर अवलंबून. ड्युर्स्ट या एकाच कंपनीच्या काही हेडवर मॅजेन्टा १३० पर्यंत जातो, काहींवर १७० पर्यंत. कोडॅकचं मोजमाप आणखी वेगळं. म्हणून उत्पादक शेजारी शेजारी स्तंभ देतात. त्यात कागदही बदलतात. इल्फोर्डने १९४० साली पहिला मल्टिग्रेड आणला. त्याच नावाच्या आरसी कागदाची पाचवी पिढी २०१९ मध्ये जाहीर झाली, आधीच्यापेक्षा रंगाने थोडा उबदार, फिल्टरा-फिल्टरांमधलं अंतर अधिक सारखं. फोमा कंपनीच्या कागदावर तेच फिल्टर वेगळा कॉन्ट्रास्ट देतात. नाव ओळखीचं म्हणून वागणूकही ओळखीची असेल असं धरता येत नाही, आणि दुकानदाराकडे जुनं-नवं पाकीट एकाच फळीवर असतं.

मग पत्रक घालावं की नाही?

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर पत्रक न घालण्याची कारणं पोरकट नाहीत. शंभर-शंभर शीटची खोकी वापरणाऱ्या लॅबला किंवा कॉलेजला प्रत्येक खोक्यात तेच पत्रक मिळतं आणि ते थेट कचऱ्यात जातं. जगभर माल जातो म्हणून एकाच चिठोऱ्यावर अनेक भाषा कोंबायच्या, परिणामी अक्षर मुंगीएवढं. त्या भाषांत मराठी किंवा हिंदी कधी पाहिल्याचं आठवत नाही, पण ती तक्रार इथे करत बसत नाही. फोटोग्राफीचं इंग्रजी आपल्याकडच्या हौशी माणसाला येतंच. खरी अडचण दुरुस्तीची आहे. छापलेली चूक पाकिटासोबत वर्षानुवर्षं फळीवर राहते, संकेतस्थळावरची एका दिवसात सुधारता येते. डेव्हलपर बंद झाला, नवा आला, की छापील वेळा शिळ्या.

पत्रकाने पाकिटाचं वजन वाढतं, ही सबब मात्र मला पटत नाही. प्रति चौरस मीटर १९० ग्रॅमच्या आरसी तळाचं ८×१० शीट दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. पंचवीस शीटं अडीचशे ग्रॅम. साठ ग्रॅमी कागदाचं ए-फोर पत्रक पावणेचार ग्रॅम. दीड टक्का.

संकेतस्थळाच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट विसरतात. फोटोपेपर कंपनीपेक्षा जास्त जगतो. कोडॅकने कृष्णधवल कागद २००५ मध्ये बंद केला. त्याच वर्षी आग्फाफोटोचं दिवाळं वाजलं, २००७ मध्ये हंगेरीतली फोर्टे गेली. इल्फोर्डसुद्धा २००४ मध्ये बुडता बुडता वाचली, आतल्याच लोकांनी विकत घेऊन हार्मन नावाने चालू ठेवली म्हणून. आपल्याकडे ऊटीला १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद कित्येक स्टुडिओंनी वापरला. असं एखादं न उघडलेलं पाकीट कुणाच्या माळ्यावरून निघालं तर क्यूआर कोड स्कॅन करून कुठे जाणार? पाकिटातला कागद थोडा धुरकट झाला असेल, पण त्यासोबतचं पत्रक वाचता येईल. आणि थंड जागी नीट ठेवलेला कागद पुष्कळ वर्षं कामाचा राहतो, त्यामुळे हा प्रश्न संग्रहालयवाल्यांपुरता नाही, वापरणाऱ्यांचाही आहे.

माझं मत असं: प्रत्येक पाकिटात सुटं पत्रक नको, पण सूचना छापील हव्यात, आणि त्या पाकिटापासून वेगळ्या न होणाऱ्या जागी हव्यात. काही उत्पादक ३५ मिमी फिल्मच्या खोक्याच्या आतल्या बाजूला डेव्हलपिंगच्या वेळा छापतात. कागदाच्या झाकणाची आतली बाजू तर त्याहून कितीतरी मोठी आणि बहुधा कोरीच असते. शीटांना आधार म्हणून आत घातलेला पुठ्ठाही तसाच कोरा. सुटं पत्रक काळ्या पिशवीच्या आत घालता येत नाही, कारण साध्या कागदाची धूळ आणि त्यातली रसायनं इमल्शनशी सलगी करायला नकोत. ते बाहेर राहतं, आणि बाहेर राहिलं की हरवतं.

तिथे काय छापावं? लाल दिव्याखाली, ओल्या हातांनी, मध्येच अडल्यावर जे लागतं तेवढंच. सेफलाइट कोणत्या रंगाचा, किती वॅटचा, किती अंतरावर. कागद आरसी की फायबर, हे ठळक. डेव्हलप, स्टॉप, फिक्स, धुणं यांच्या वेळा आणि तापमान. फिल्टरचा तक्ता, आणि तो कुठल्या पिढीच्या कागदाचा व कुठल्या साली छापला ते. कागदाचा वेग (उजेडाला किती चटकन प्रतिसाद देतो ते) आणि रेंज आयएसओ ६८४६ या मानकाप्रमाणे पी आणि आर आकड्यांत दिली तर उत्तम. एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना अंदाज बांधता येतो. आर ११० म्हणजे कागद १.१० लॉग एक्स्पोजरची रुंदी सामावून घेतो, हे समजावायला मात्र संकेतस्थळच बरं. वक्ररेषांचे आलेख, टोनिंगच्या कृती, साठवणुकीचा इतिहास हे सगळं तिथेच जावं.

आणि हे सगळं काळ्या शाईत छापावं. छपाईवाल्यांना धोक्याची सूचना लाल अक्षरांत द्यायची फार हौस असते. लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावरची लाल अक्षरं दिसेनाशी होतात, म्हणजे नेमकी इशाऱ्याचीच ओळ गायब. मी अशी छपाई पाहिली आहे आणि ती मंजूर करणारा माणूस डार्करूममध्ये एकदाही गेला नसावा याची मला खात्री आहे.

तापमानाबद्दल आणखी एक. पत्रकं २० अंश धरून लिहिलेली असतात. पुण्यात मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या आसपास येतं, आणि डेव्हलपर गरम झाला की काम भराभर होतं, मग नवखा माणूस प्रिंट काळा होतोय असं पाहून अर्ध्या वेळेत बाहेर ओढतो आणि ठिपकेदार, अर्धवट प्रिंट घेऊन बसतो. आम्ही मोठ्या ट्रेमध्ये बर्फाची बाटली ठेवून आत डेव्हलपरचा ट्रे ठेवतो. उत्पादकाने २० च्या शेजारी २५ आणि ३० अंशांच्या वेळा दिल्या तर मुंबई-नागपूरच काय, निम्म्या जगाची सोय होईल. या एका ओळीसाठी मी सुटं पत्रकही स्वीकारीन.

पुढे काय केलं

भिंतीवरचा निनावी तक्ता काढला. आत्ता वापरात असलेल्या प्रत्येक कागदासाठी एकेक कार्ड केलं: जाड काळी अक्षरं, वर कागदाचं पूर्ण नाव, आरसी की फायबर, आमच्याच हेडचे आकडे, खाली कुठून घेतलं आणि कधी. लॅमिनेट करून खिळ्याला दोरीने टांगलं. लॅमिनेशनवर लाल दिव्याची चकाकी येते, त्यामुळे कार्ड थोडं तिरकं धरावं लागतं. मॅट प्लास्टिक मिळालं तर बदलायचं आहे. पाकीट वाटून घेतलं तर न्यायच्या शीटांच्या काळ्या पिशवीवर कागदाचं नाव आणि बॅच नंबर मार्करने लिहायचा, हाही नियम झाला. मोबाइल दाराबाहेरच्या फळीवर. वेळ मोजायला एक जुनं, काटे अंधारात चमकणारं घड्याळ आहे, ते ट्रेपासून दूर टांगलं आहे.

त्या मुलीचे पुढचे प्रिंट स्वच्छ आले. पहिल्या पाकिटातली उरलेली शीटं तिने त्याच कामावर संपवली.

काकांना दोन मिनिटांच्या धुण्यावर विश्वास बसेना. म्हणून त्यांच्याच दोन आरसी प्रिंटचा प्रयोग केला: एक दोन मिनिटं धुतला, एक त्यांच्या पद्धतीने तासभर, दोन्ही एकाच दोरीवर वाळत घातले. संध्याकाळी दोन मिनिटांचा सपाट होता आणि तासाभराचा कोपऱ्यांतून वर आला होता. “बरं, आरसीला दोन मिनिटं,” काका म्हणाले. “पण कार्डावर ‘फायबरला साठ’ हे मोठ्या अक्षरात लिही. हल्लीची पोरं दोन मिनिटांत आटपतील आणि पाच वर्षांनी फोटो पिवळे पडले की मला विचारतील.”

तसं लिहिलं आहे.